तिसऱ्या मजल्यावरचे मौन : 'जेन आयर'च्या नैतिक वाचनाचा प्रश्न

१

एखादी साहित्यकृती अभिजात ठरली की तिच्याविषयीचे प्रश्न संपतात असे नव्हे. मात्र ते ठरीव होऊन जाण्याचा धोका निश्चितच निर्माण होतो. शार्लट ब्राँटीची 'जेन आयर' ही कादंबरी या धोक्याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. ऑक्टोबर १८४७ मध्ये 'करर बेल' या टोपणनावाने ती प्रसिद्ध झाली. शीर्षकपृष्ठावर तिचा उल्लेख 'आत्मचरित्र' असा होता आणि करर बेल हे त्या आत्मचरित्राचे केवळ संपादक म्हणून पुढे आले होते. पोरकी मुलगी, मामीच्या घरातील छळ, लोवुडची धर्मादाय शाळा, थॉर्नफील्डच्या वाड्यातील गव्हर्नेसची नोकरी, वाड्याचा धनी रॉचेस्टर याच्याशी जडलेले प्रेम, ऐन विवाहसमयी उघडकीस आलेली त्याची पहिली पत्नी, जेनचे निघून जाणे आणि अखेरचे पुनर्मीलन हा कथाभाग अभ्यासकांना परिचित आहे. त्यावरचे प्रश्नही परिचित आहेत. जेन बंडखोर आहे की परंपरानिष्ठ, कादंबरी स्त्रीमुक्तीची आहे की विवाहसंस्थेच्या विजयाची, या द्वंद्वांभोवती वर्गातील चर्चा फिरत राहते.

या सर्व चर्चांच्या तळाशी एक नैतिक कृती आहे : जेनचा नकार. रॉचेस्टरची पत्नी हयात आहे हे कळल्यावर, त्याच्यावर उत्कट प्रेम असूनही, जेन त्याच्याबरोबर राहण्यास नकार देते आणि पहाटे कोणास न सांगता बाहेर पडते. या नकाराचे मोल बहुतेक वाचक गृहीत धरतात. तो नकार योग्यच होता असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. परंतु तो कोणत्या आधारावर योग्य होता? कायद्याच्या, धर्माच्या, आत्मसन्मानाच्या, की तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या त्या दुसऱ्या स्त्रीविषयीच्या कर्तव्याच्या? हे चार आधार एकच आहेत असे मानण्याची सवय आपल्याला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यांना एकमेकांपासून वेगळे करून पाहण्याचा आहे.

असे वेगळे करणे वाचकाच्या ठिकाणावरही अवलंबून असते. ठाणे शहरातील खोपट भागात राहून ही कादंबरी अभ्यासणारी एखादी विद्यार्थिनी कल्पनेत आणावी. एस. टी. स्थानकामुळे ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीपासून फार दूर नाही असे, १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' या वाक्प्रयोगाचा अर्थ मुंबई परिसरात कोणालाही समजावून द्यावा लागत नाही. ठाणेकराच्या वाट्याला तर तो एका जुन्या विनोदासारखा कायमचा आलेला आहे. इंग्लंडच्या एका काल्पनिक वाड्यातील वेडी स्त्री ही इतर वाचकांना भयकथेची सामग्री वाटू शकते. या वाचकाच्या बाबतीत तसे वाटणे इतके सोपे नाही. वेडे म्हणून कोणाला तरी घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था त्याच्या रोजच्या रस्त्यालगत उभी आहे, आणि त्या व्यवस्थेवर हसण्याची रीत त्याच्या भाषेत रुजलेली आहे.

२

जेनच्या नकाराकडे वळण्यापूर्वी तिच्या स्थानाचा विचार करावयास हवा. 'गव्हर्नेस' या शब्दाला मराठीत खरा प्रतिशब्द नाही. 'शिक्षिका' म्हटले तर घरात राहण्याचा संदर्भ सुटतो, 'दाई' म्हटले तर विद्या सुटते, आणि 'पंतोजी' हा शब्द तर पुरुषासाठीच आहे. शब्द नाही याचे कारण ती संस्थाच आपल्याकडे त्या रूपात नव्हती. गव्हर्नेस ही घरात राहते, पण घरची नसते. ती पगार घेते, पण चाकरांच्या पंगतीत बसत नाही. ती मालकाच्या मुलांना संस्कार देते, पण त्या संस्कारांची वारसदार नसते. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाड्यात या स्थानाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'आश्रित' हा आहे. दूरच्या नात्यातली विधवा, जिच्या पोटापाण्याची सोय होते आणि जिला त्या सोयीची जाणीव दररोज करून दिली जाते, तिच्या अनुभवातून मराठी वाचक गेट्सहेडच्या जेनपर्यंत चटकन पोहोचतो. थॉर्नफील्डला जेन पगार मिळवू लागते तेव्हा आश्रितपणातून ती अर्धीच बाहेर पडलेली असते.

हा पगार वर्षाला तीस पौंड आहे. रॉचेस्टरला बर्था मेसनशी विवाह करताना मिळालेला हुंडा तीस हजार पौंडांचा होता. कादंबरीत हे दोन आकडे फार दूरदूर येतात. ते शेजारी ठेवून वाचले म्हणजे एका हजाराचे अंतर दिसते. धाकट्या मुलाला इस्टेट द्यावयाची नाही आणि त्याला निर्धनही ठेवावयाचे नाही, म्हणून बापाने जमैकातल्या व्यापाऱ्याची मुलगी त्याच्यासाठी निवडली. विकत कोण घेतले गेले, रॉचेस्टर की बर्था, या प्रश्नाचे उत्तर कादंबरी रॉचेस्टरच्या बाजूने देते. कारण सांगणारा तोच आहे.

उघडकीच्या प्रसंगानंतर तो जेनला जी विनवणी करतो, तिच्यातील एक मुद्दा विशेष लक्षणीय आहे. जेनला आईबाप नाहीत, नातलग नाहीत. ती त्याच्याबरोबर राहिली तर कोणाला दुखवले जाणार आहे, असे तो सुचवतो. हा युक्तिवाद मराठी समाजमनाला पटकन कळतो. आपल्याकडील नीतीचा फार मोठा भाग 'लोक काय म्हणतील' या प्रश्नावर उभा असतो. ज्याला 'लोक' नाहीत त्याच्यावर नीतीचे बंधन कोणाचे? ब्राँटीचे असामान्यत्व असे की या प्रश्नाला ती जेनकरवी उलटे उत्तर देते. आपण जितक्या एकाकी, जितक्या निराधार, तितका आपण स्वतःचा अधिक मान राखू, अशा आशयाचे जेनचे उत्तर आहे. लोकलज्जेवाचून उभी राहणारी नीती ही या कादंबरीची खरी देणगी होय. पोरकेपणाला एरवी करुणेचा विषय मानले जाते. येथे पोरकेपण नीतीची शुद्ध परीक्षा घेणारी अवस्था बनते.

तथापि त्याच उत्तरात जेन आणखी एक गोष्ट बोलते. ईश्वराने दिलेला आणि मनुष्याने मान्य केलेला कायदा आपण पाळू. शुद्धीवर असताना स्वीकारलेली तत्त्वे, आता वेड लागले असताना, सोडणार नाही, असा तिचा आशय आहे. स्वतःच्या मोहाला ती वेड म्हणते. ज्या घरात एक स्त्री वेडी म्हणून कोंडलेली आहे त्याच घरात, त्याच दिवशी, दुसरी स्त्री आपल्या शहाणपणाची सीमा आखत आहे. आत्मसन्मानाची व्याख्या वेडाच्या विरोधात केली जाते, आणि ते वेड वरच्या मजल्यावर सदेह उपस्थित असते.

३

आता कायद्याचा आधार बाजूला काढून पाहू. या कामी महाराष्ट्राचा इतिहास फार उपयोगी पडतो, कारण येथे कायदा निराळा होता.

१८४७ साली मुंबई इलाख्यातील हिंदू रॉचेस्टरला थॉर्नफील्डच्या चर्चमधला तो प्रसंग भोगावाच लागला नसता. पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह करण्यास त्याला कसलाही कायदेशीर अडसर नव्हता. धर्मशास्त्रात पहिलीवर दुसरी करण्यास 'अधिवेदन' अशी संज्ञा आहे आणि अशा पहिल्या पत्नीला 'अधिविन्ना' म्हटले आहे. तिचे पोषण केले पाहिजे असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. म्हणजे वकील ब्रिग्ज ज्या आक्षेपासाठी धावत आला, तो आक्षेपच येथे उद्भवत नाही. बर्था माडीवर, जेन माजघरात, आणि दोघींचे नाते सांगण्यासाठी 'सवत' हा रोजच्या वापरातला शब्द तयार. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याविवाहाला प्रतिबंध केला, १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा मार्ग दिला, आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने या दोन्ही गोष्टी देशभर लागू झाल्या. इंग्लंडमध्येदेखील असाध्य वेड हे घटस्फोटाचे कारण म्हणून १९३७ साली मान्य झाले. आज ठाण्याच्या न्यायालयात एखादा रॉचेस्टर पत्नीच्या मनोविकाराच्या आधारे रीतसर अर्ज करू शकेल आणि पुराव्यानिशी तो मंजूरही होऊ शकेल.

या तुलनेतून निष्पन्न काय होते? १८४७च्या इंग्लंडमध्ये जेनचा नकार कायद्याशी जुळतो. १८४७च्या पुण्यात तोच नकार कायद्याच्या पलीकडचा ठरला असता. आजच्या ठाण्यात तो, न्यायालयाच्या निकालानंतर, कदाचित अनावश्यक ठरेल. जी कृती तीन ठिकाणी तीन प्रकारची ठरते, तिचे नैतिक मोल कायद्यात असू शकत नाही. ते आत्मसन्मानात आहे असे म्हणावयाचे तर कायदा विरोधात असतानाही तो टिकतो का, हे पाहावे लागेल. सुदैवाने मराठी समाजजीवनात आणि साहित्यात अशी उदाहरणे आहेत.

बालपणी झालेला विवाह आपल्याला मान्य नाही, म्हणून नवऱ्याकडे नांदावयास जाणार नाही, अशी भूमिका रखमाबाईंनी घेतली. १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात सुरू झालेला हा खटला १८८८ मध्ये तडजोडीने मिटला. मधल्या काळात, १८८७ साली, नवऱ्याकडे जा अन्यथा तुरुंगात जा, असा आदेश त्यांना मिळाला होता. तुरुंग पत्करण्याची त्यांची तयारी होती. 'एक हिंदू स्त्री' या नावाने त्यांनी वृत्तपत्रात पत्रे लिहिली होती हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. टोपणनावाच्या आडोशाने स्त्रीचे सत्य बोलण्याची निकड हॉवर्थमध्ये होती तशी गिरगावातही होती. जेनचा नकार कायद्याच्या बाजूने होता, रखमाबाईंचा कायद्याविरुद्ध. तरीही दोन्हींचा गाभा एकच आहे : आपल्या संमतीवाचून आपले आयुष्य कोणाला देता येणार नाही.

याच्या नेमके उलट टोक विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर' (१९३४) या कादंबरीत दिसते. हे नावदेखील टोपणनावच होते. त्याआड मालतीबाई बेडेकर होत्या. अचला ही परित्यक्ता आहे, सुशिक्षित आहे, आणि त्या काळच्या हिंदू कायद्यानुसार तिला पहिल्या विवाहातून मोकळे होण्याचा मार्ग नाही. विरागबरोबर विवाहावाचून सहजीवन पत्करण्याचा निर्णय ती घेते. जेनने जे नाकारले ते अचलाने स्वीकारले. पण म्हणून अचला नीतिभ्रष्ट आणि जेन नीतिमान असा निवाडा करता येईल काय? अचलाच्या होकारामागेही, जेनच्या नकाराइतकाच, स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेण्याचा आग्रह आहे. फरक आहे तो एवढाच की अचलाच्या वाटेत कायदा आहे, पुरुषप्रधान कुटुंबव्यवस्था आहे. कोठडीत कोंडलेला जिवंत मनुष्य नाही.

हा फरक लहान नाही. या टप्प्यावर आत्मसन्मानाची कसोटीदेखील अपुरी पडू लागते. ती जेनच्या निर्णयाचे सामर्थ्य सांगते. मात्र त्या निर्णयात बर्थाचे स्थान काय, हे सांगत नाही.

४

बर्थाविषयी जेन एकदाच, थेट तिच्या बाजूने बोलते. रॉचेस्टर पत्नीबद्दल तिरस्काराने बोलू लागतो तेव्हा जेन त्याला थांबवते आणि त्या दुर्दैवी स्त्रीशी तू निष्ठुर वागतोस, वेडी असण्यात तिचा काय दोष, अशा अर्थाचे बजावते. रॉचेस्टर लगेच विषय जेनकडे वळवतो. तू वेडी झालीस तर मी तुझा द्वेष करणार नाही, असे सांगू लागतो. आणि जेन, जी एरवी कोणताही युक्तिवाद अर्धा सोडत नाही, येथे तो मुद्दा सोडते. पहाटे ती घर सोडते तेव्हा तिच्या मनात रॉचेस्टरचे दुःख आहे, ईश्वर आहे, स्वतःची यातना आहे. वरच्या मजल्यावरील स्त्रीचे पुढे काय होणार, हा प्रश्न नाही.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. निवेदन प्रथमपुरुषी आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या, हादरून गेलेल्या मुलीकडून याहून अधिकाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप महत्त्वाचा आहे, पण निवेदनाची रचना त्याला पुरता आधार देत नाही. ज्या जेनने हे भोगले आणि जी जेन हे लिहिते, त्या दोघींत मोठे अंतर आहे. लिहिणारी जेन रॉचेस्टरशी विवाह होऊन दहा वर्षे झालेली, सुखी, प्रौढ स्त्री आहे. 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये हरिभाऊ आपट्यांनी यमूच्या तोंडून तिची कहाणी सांगितली, तेव्हाही भोगणारी आणि सांगणारी यांतील अंतराचा त्यांनी जाणीवपूर्वक उपयोग केला होता. सांगणारी यमू मागे वळून इतरांच्या दुःखाचाही हिशेब मांडते. जेनला ही संधी दहा वर्षे होती. आणि कादंबरीतला दुसरा एक दहाचा आकडा येथे आठवल्याशिवाय राहत नाही : रॉचेस्टरच्या सांगण्यानुसार बर्था त्या खोलीत दहा वर्षे होती.

या दहा वर्षांनंतरही बर्थाच्या पहिल्या दर्शनाचे वर्णन करताना निवेदिका तिच्यासाठी प्रथम नपुंसकलिंगी सर्वनाम वापरते. ती पशू आहे की मनुष्य हे कळेना, असे म्हणते. काही वाक्यांनंतरच 'ती' येते. हे स्थळ मराठीत आणावयाचे झाल्यास अनुवादकापुढे विलक्षण पेच उभा राहतो. इंग्रजीत मनुष्याला नपुंसकलिंगी सर्वनाम लावणे म्हणजे त्याला मनुष्यत्वातून वगळणे. मराठीत नपुंसकलिंग जिवंत आहे आणि माणसाला परके नाही. 'ते मूल', 'ते पोर', 'ते बिचारे', 'ते माणूस काही वाईट नाही' असे आपण सहज बोलतो. याच 'ते'मध्ये तुच्छताही असते; 'काय ते ध्यान' यात ती ऐकू येते. म्हणजे जे सर्वनाम इंग्रजीत केवळ बहिष्कार करते, ते मराठीत हेटाळणी आणि माया यांच्या सीमेवर उभे राहते. अनुवादकाने 'तो प्राणी' असे लिहिले तर बहिष्कार टिकेल आणि ही सीमा पुसली जाईल. त्याने 'ते' लिहिले तर मूळ संहितेत नसलेली करुणेची शक्यता शिरेल. या पेचातून सुटका नाही. पण पेच दिसणे हेच मोठे वाचन आहे. भाषांतराच्या निमित्ताने मराठी वाचकाला असा प्रश्न पडतो, जो इंग्रजी वाचकाला त्याचे व्याकरण पडू देत नाही.

खुद्द लेखिकेला हा प्रश्न पडला होता. जानेवारी १८४८ मध्ये, कादंबरी प्रसिद्ध होऊन तीन महिने झाल्यावर, आपल्या प्रकाशनसंस्थेतील विल्यम्स यांना लिहिलेल्या पत्रात ब्राँटीने कबुली दिली की अशा अवस्थेच्या दर्शनाने केवळ खोल करुणाच उत्पन्न व्हावयास हवी होती; आपण भीतीला अधिक स्थान दिले, ही चूक झाली. त्याच महिन्यात निघालेली दुसरी आवृत्ती तिने थॅकरे यांना अर्पण केली. थॅकरे यांची पत्नी मनोरुग्ण होती आणि दुसऱ्यांच्या देखरेखीखाली राहत होती, हे तिला ठाऊक नव्हते. त्यावरून लंडनमध्ये कुजबुज झाली. कल्पित म्हणून रंगवलेली खोली कोणाच्या तरी प्रत्यक्ष घरात असते, हे ब्राँटीला असे अनपेक्षितपणे कळले.

५

लेखिकेची ही कबुली समीक्षेने कितपत मनावर घेतली? १९६६ मध्ये जीन ऱ्हीस यांनी 'वाइड सारगासो सी' या कादंबरीत बर्थाला तिचे दुसरे नाव, तिचे बेट आणि तिची बाजू दिली. १९७९ मध्ये गिल्बर्ट आणि गुबार यांनी माळ्यावरच्या वेड्या स्त्रीलाच आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात आणले. त्यांच्या वाचनात बर्था ही जेनच्या दडपलेल्या क्रोधाची प्रतिछाया आहे. १९८५ मध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी या स्त्रीवादी वाचनाचीच झडती घेतली. जेनला व्यक्ती म्हणून उभे राहता यावे यासाठी वसाहतीतील स्त्रीला आग लावून घेऊन मरावे लागते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. या तिन्ही लेखनांनी कादंबरीचे वाचन कायमचे बदलले, याविषयी दुमत होऊ नये. भारतीय वाचकाला तर स्पिवाक यांची मांडणी विशेष जवळची वाटते. कारण याच कादंबरीत रॉचेस्टरच्या गाण्याला उत्तर देताना जेन सती जाण्याची कल्पना थट्टेने धुडकावून लावते, आणि सेंट जॉन रिव्हर्स धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात निघून जातो.

परंतु एक शंका उरते. प्रतिछाया म्हणून वाचलेली बर्था ही जेनचा भाग होते. वसाहतीची प्रतिनिधी म्हणून वाचलेली बर्था ही एका ऐतिहासिक अन्यायाची खूण होते. दोन्ही ठिकाणी ती कशाचे तरी प्रतीक असते. प्रतीक होण्यात मान आहे, पण प्रतीकाला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, औषध लागत नाही. वेड हे बंडाचे रूपक आहे असे म्हणणे सेमिनारमध्ये शोभून दिसते. मनोरुग्णालयाच्या कुंपणाजवळून रोज जाणाऱ्या वाचकाला मात्र ते रूपक थोडे थबकून वापरावे लागेल. बरे झाल्यानंतरही ज्यांना नेण्यास घरचे कोणी येत नाही असे रुग्ण अशा संस्थांतून असतात. त्यांच्या तेथे असण्याला बंड म्हणता येत नाही आणि केवळ व्याधीही म्हणता येत नाही. वाड्याने बर्थाला खोलीत ठेवले, कादंबरीने भयात ठेवले, आणि समीक्षेने, उत्तम हेतूने का होईना, अर्थात ठेवले. ही तिसरी कोठडी ओळखणे हे आज या कादंबरीच्या अध्यापनाचे पहिले कर्तव्य मानावयास हवे.

याचा अर्थ सिद्धान्त टाकून द्यावेत असा मुळीच नाही. सिद्धान्ताने दाखवलेल्या जागेवर पोहोचल्यानंतर तेथे असलेल्या माणसाची विचारपूस करावी, इतकीच अपेक्षा आहे. कादंबरीत बर्थाचे शब्द म्हणून जे काही येते, ते तिच्या भावाने, जखमी अवस्थेत, सांगितलेले आहे. तिचा मृत्यूही खानावळीच्या मालकाकडून, म्हणजे रॉचेस्टर घराण्याच्या एका जुन्या चाकराकडून, जेनला कळतो. ग्रेस पूल ही एकटी तिच्याबरोबर वर्षानुवर्षे राहिली, आणि तिला कोणी काही विचारले नाही. संहितेत नसलेला आवाज वाचकाने कल्पून घालू नये हे खरे. पण तो कोठे कोठे असावयास हवा होता आणि का नाही, हे नेमके दाखवता येते. तेवढे नेमकेपण हीच समीक्षेची नीती होय.

६

शेवटी पुन्हा जेनकडे येऊ. तिच्या आत्मसन्मानाला कमी लेखणे हा या विवेचनाचा हेतू नाही. तो आत्मसन्मान कोठपर्यंत जातो आणि कोठे थांबतो, एवढेच पाहावयाचे आहे. मदेरा येथील काकाकडून तिला वीस हजार पौंड मिळतात. ती त्याचे चार समान भाग करून आते-मामेभावंडांत वाटते. पोरकेपणाच्या बदल्यात नाती मिळवण्याचा हा सुंदर प्रसंग आहे. त्या काकाचा व्यापारी संबंध मेसनच्या पेढीशी होता, हे कादंबरीने आधीच सांगून ठेवले आहे. जेनच्या औदार्याचा परीघ आप्तांपाशी पूर्ण होतो.

याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचे चरित्र ठेवून पाहावे. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. जेनसारखीच विद्येवाचून दुसरी मिळकत नसलेली ही स्त्री १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात तिने अध्यापनही केले. वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, कोणाच्या धार्मिक अधिकारापुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकण्यास रमाबाईंनी जो ठाम नकार दिला, तो वाचताना सेंट जॉनपुढे उभ्या राहिलेल्या जेनची आठवण होते. पण रमाबाईंची वाट पुढे वेगळी झाली. स्वतःसाठी मिळवलेला अवकाश त्यांनी इतरांसाठी खुला केला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढे केडगावला मुक्ती. ज्यांना घराने कोपऱ्यात ढकलले होते, त्या विधवा आणि दुष्काळग्रस्त मुली तेथे आल्या. कादंबरीतील पात्राची तुलना प्रत्यक्ष व्यक्तीशी करणे समीक्षेच्या दृष्टीने धोक्याचे असते. तरीही आत्मसन्मान हा नीतीचा आरंभ असून तिची पूर्तता दुसऱ्याच्या दाराशी होते, ही गोष्ट या तुलनेवाचून इतक्या स्पष्टपणे दिसत नाही.

कादंबरीच्या शेवटाकडे एक तपशील आहे, जो सहसा दुर्लक्षित राहतो. बर्थाला फर्नडीन या आडरानातील घरात ठेवता आले असते, पण तेथील दमट भिंतींनी तिचा लवकरच अंत केला असता. आपल्या सदसद्विवेकाला ते रुचले नाही, असे रॉचेस्टर एकदा सांगतो. थॉर्नफील्ड जळून गेल्यावर, बर्था मेल्यावर, जेन आणि आंधळा रॉचेस्टर राहतात ते याच फर्नडीनमध्ये. जी जागा वेड्या पत्नीच्या प्रकृतीला घातक होती, तेथेच शहाण्या पत्नीचा संसार फुलतो. त्या भिंती कोरड्या झाल्या की नाही, याबद्दल जेन एक अक्षरही लिहीत नाही.

या एका अक्षराची उणीव जाणवणे म्हणजे कादंबरीवर आरोपपत्र दाखल करणे नव्हे. ज्या ग्रंथाने निराधार मुलीला स्वतःचा मान राखण्याची भाषा दिली, त्याच ग्रंथाने त्या भाषेची मर्यादाही आपल्यासमोर उघडी ठेवली आहे. खोपटमधल्या त्या विद्यार्थिनीला जेनचा नकार शिकता येईल आणि शिकावाच. लोक नसले तरी, किंवा लोक आहेत म्हणूनच, 'नाही' म्हणता येणे हे मोठे बळ आहे. मात्र पुस्तक मिटल्यावर 'ठाण्याला पाठवा' हा विनोद तिच्या कानी पडेल, तेव्हा तो पूर्वीसारखा हलका वाटू नये. तसे झाले तर तिने कादंबरी नुसती अभ्यासली नाही, वाचली, असे म्हणता येईल.